हाय-रेझ प्लेअरला कार्डातली गाणी दिसेनात?
नवी पेठेतून नवं मेमरी कार्ड आणलं, फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) गाणी भरली आणि हाय-रेझ प्लेअर, म्हणजे उच्च दर्जाची गाणी वाजवणारा छोटा म्युझिक प्लेअर, म्हणतोय कार्डात काहीच नाही, तर लगेच दुकानात परत पळू नका. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं बहुतेक एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) येतात, काही प्लेअरना फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचता येते, म्हणून आधी कार्ड प्लेअरच्याच सेटिंगमधून फॉरमॅट करा, आतलं सगळं उडतं हां, कॉपी ठेवा, मग गाणी टाकून लायब्ररी (प्लेअरमधली गाण्यांची यादी) अपडेट करा, हे अपडेटच लोक हमखास विसरतात. २४ बिटचं (सीडीपेक्षा बारीक तपशिलाचं) खरं ऐकायचंय तर वायरचाच हेडफोन लावा, ब्लूटूथवर आवाज कॉम्प्रेस होतो. आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात प्लेअर बंद गाडीत अजिबात ठेवायचा नाही, बॅटरी फुगू शकते.