घर घेताना कपाट सरकवून बघा, आणि विकताना स्वतःच सरकवून दाखवा

आमच्या आत्ताच्या घरात बेडरूमच्या एका भिंतीला पार छतापर्यंत जाणारं लाकडी कपाट होतं. घर बघायला आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा कपाट उघडून आत जागा किती आहे ते बघितलं, पण त्याच्या मागे काय असेल हे काही सुचलं नाही. राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात आतल्या चादरींना कुबट वास यायला लागला, सुताराला बोलावून कपाट सोडवलं तर मागची अख्खी भिंत काळी, आणि हात लावला तर प्लास्टर ओल्या वाळूसारखं सुटून हातात आलं. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. आधीच्या मालकांना हे माहीत होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, पण आम्हाला ते बघता आलं असतं एवढं नक्की. त्यानंतर आम्ही आमचं जुनं घर विकलं, नातेवाइकांची दोन-तीन घरं बघायला सोबत गेले, त्यातून जे जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, घर एकदा बघून ठरवायचं नाही. कमीत कमी तीनदा जा आणि तिन्ही वेळा वेगळ्या वेळी. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे रस्त्याची गर्दी, पार्किंगची मारामारी आणि पाण्याचं प्रेशर कळतं. एकदा रात्री दहानंतर, म्हणजे आवाज आणि जिन्यातले दिवे कळतात. आणि जमलं तर एकदा चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, कारण घराचं खरं रूप तेव्हाच दिसतं. सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता ऊन आत आलेलं असताना कुठलंही घर छानच दिसतं हो.

जाताना मेजरिंग टेप, टॉर्च, काचेची गोटी, एक नाणं आणि फोनचा चार्जर घेऊन जा. हसू नका, प्रत्येकाचं काम आहे. टेपने प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायची, कारण कागदावरच्या आकड्यात भिंतींची जाडी, जिना, लॉबी असं काय काय धरलेलं असतं, आणि तुम्हाला राहायचंय ते भिंतींच्या आतल्या जागेत. त्याच टेपने घराचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण पण मोजा, आणि घरून निघताना आपला फ्रिज, पलंग नि सोफा मोजून आकडे फोनमध्ये टाकून ठेवा. गोटी जमिनीवर ठेवली की उतार कुठे आहे ते लगेच कळतं. नाण्याने फरशीवर टकटक करत जायचं, पोकळ आवाज आला की त्या फरशीखाली मसाला नीट बसलेला नाही, एखाददुसरी असेल तर चालतं पण अर्धी खोली तशी वाजली तर खर्च धरायचाच. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघायचा.

ओल, ओल आणि ओल

माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या सगळ्या दुखण्यांत ओलीइतकं खर्चिक आणि चिवट दुसरं काही नाही, त्यामुळे इथे वेळ घालवा. ओल तीन प्रकारे येते आणि तिन्हींचा इलाज वेगळा असतो. जमिनीतून वर चढणारी ओल भिंतीच्या खालच्या भागातच दिसते, साधारण एक मीटरपर्यंत, आणि तिथे पांढरी भुकटी धरलेली असते, पाण्याबरोबर आलेले क्षार असतात ते. वरून किंवा बाजूने होणाऱ्या गळतीचे पिवळट-तपकिरी डाग पडतात, कडा गडद असते, आणि पाऊस झाल्यावर किंवा वरच्या मजल्यावरचं बाथरूम वापरलं की डाग पसरतो. तिसरी म्हणजे हवेतली वाफ थंड भिंतीवर बसून होणारी ओल, ती कोपऱ्यात, कपाटामागे, जिथे हवा खेळत नाही तिथे काळी बुरशी धरते. या तिसरीला बऱ्याचदा खिडकी उघडी ठेवून नि एक्झॉस्ट फॅन लावून भागतं, पहिल्या दोघींना नाही.

कुठली आहे ते ओळखायची सोपी युक्ती आहे, पण त्यासाठी एक-दोन दिवस हवेत. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल वीतभर कापायची, भिंतीचा तो भाग कोरडा पुसून वर ठेवायची आणि चारही कडांना टेप घट्ट चिकटवायची. एक-दोन दिवसांनी बघायचं. खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं असेल तर वाफ हवेतली आहे, काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय. मालक चांगला असेल तर हे करू देतो, मी दोन घरी विचारलं होतं आणि दोघंही हो म्हणाले.

आणि ताज्या रंगाला भुलू नका. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत किंवा छताचा एकच चौकोन नवा कोरा असेल तर सरळ विचारायचं, की इथे काय झालं होतं? रागाने नाही, सहज. उत्तरापेक्षा उत्तर देतानाची गडबड जास्त सांगून जाते. कपाटं, मोठे फोटो, भिंतीला टेकलेले पलंग, यांच्या मागे टॉर्च मारा, हात घालून भिंत गार किंवा दमट लागते का बघा, सिंकखालचं कपाट उघडून वास घ्या. कुणाला यात वाईट वाटत असेल तर वाटू दे, तुम्ही आयुष्यभराची कमाई लावताय.

भेगांचं म्हणाल तर केसाएवढी बारीक भेग प्लास्टर सुकताना पडते, तिची काळजी नको. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांसारखी गेलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी, किंवा ५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाल्कनीच्या, जिन्याच्या खालच्या बाजूला वर मान करून बघा. तिथे सिमेंट पडून गंजलेल्या सळया दिसत असतील तर ते नुसतं वरवरचं नसतं, लोखंड गंजलं की मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं आणि आतून काँक्रीट ढकलून फोडतं, म्हणजे पाणी आत खूप आधीपासून मुरतंय.

पाण्याचं पटकन सांगते. घरातले सगळे नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा, प्रेशर किती पडतं बघा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे आलं तर उतार चुकलाय. पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा लिहून घ्या, अर्ध्या तासाने परत बघा, कोणी पाणी वापरलं नसताना आकडा सरकला तर कुठेतरी गळतंय. विजेच्या बोर्डवर गळती करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच आहे का बघा, माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा लागतो, त्यावर टेस्टचं बटण असतं, ते मालकालाच दाबायला सांगा. स्विच पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे. आणि हो, सगळ्यात आतल्या खोलीत दार लावून फोनला रेंज येते का तेही बघून घ्या.

पैसे आणि कागद

हप्ता परवडतो म्हणजे घर परवडतं असं नाही. हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा माझेच डोळे उघडले. समजा व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं. तर तुम्ही एकूण परत करता ती रक्कम कर्जाच्या जवळपास २.१६ पट होते. पहिल्या हप्त्यातले साधारण ८३ टक्के निव्वळ व्याज असतं, आणि १० वर्षं न चुकता हप्ते भरल्यावरही मूळ कर्जाचे ७१ टक्के शिल्लकच असतात! तेच १५ वर्षांचं घेतलं तर हप्ता साधारण १३ टक्क्यांनी वाढतो पण एकूण व्याज जवळजवळ २९ टक्क्यांनी कमी होतं. दर बदलता असेल तर तो ९ वरून ११ झाला तर २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता जवळपास १५ टक्क्यांनी चढेल, तेवढी ओढाताण झेपेल का ते आधीच बघा. आणि नोंदणी, कर, वकील, एजंट, सामान हलवणं, पहिल्या वर्षातली दुरुस्ती हे सगळं घराच्या किमतीच्या वर असतं. डाउन पेमेंट देऊन हातात शून्य उरत असेल तर ते घर तुमच्यासाठी मोठं आहे, आणि हे मी फार प्रेमाने सांगतेय.

कागदपत्रांना वकील आपला स्वतःचा ठेवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी कशी आली ती साखळी मधे तुटता कामा नये. जितके मालक तितक्या सह्या, भाऊ परदेशात आहे पण त्याची हरकत नाही असं तोंडी चालत नाही. मालक वारला असेल तर सगळे वारस. घरावर कर्जाचा बोजा, थकलेला कर, थकलेला मेंटेनन्स, चालू असलेला खटला, आत राहणारा भाडेकरू, एकेक गोष्ट विचारून लेखी घ्यायची. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळं ठीकच असणार असं लोक धरून चालतात, पण बँक बघते ती तिचे पैसे सुटतील का एवढंच.

टोकन देताना पावती घ्या, आणि त्यावर हे लिहून घ्या की मालकी स्पष्ट निघाली नाही किंवा कर्ज नाकारलं गेलं तर टोकन इतक्या दिवसांत परत. ही एक ओळ नसल्यामुळे माझ्या मावसबहिणीचं टोकन सात महिने अडकलं होतं. दुसरं कोणीतरी उद्या येणार आहे, आजच टोकन द्या, असं एजंट म्हणाला तर येऊ दे त्याला. एका रात्रीत ठरवायला लावणारं घर मी तरी सोडून देईन.

विकताना

विकणाऱ्याला माझा एकच सल्ला, वर सांगितलेली सगळी पाहणी आधी आपल्याच घराची करा. स्वतःच्या घरात राहून राहून डोळ्यांना सवय होते, बाथरूमचं दार उचलून लावावं लागतं हे आपल्याला आठवतसुद्धा नाही. शेजारच्या कोणाला तरी टॉर्च देऊन घरभर फिरायला सांगा. टपकणारा नळ, करकरणारी बिजागरी, गेलेला बल्ब, तुटका स्विच, एवढं सगळं दोन दिवसांत होतं आणि त्याचा परिणाम फार मोठा असतो, कारण येणारा माणूस मनात म्हणतो की दिसणाऱ्या गोष्टी अशा तर न दिसणाऱ्या कशा असतील. पण विकण्यासाठी म्हणून नवीन किचन वगैरे करू नका, ते पैसे सहसा पूर्ण वसूल होत नाहीत आणि घेणारा आपल्या आवडीचं करायला तेही तोडतो. त्यापेक्षा अर्धं सामान बाहेर काढा. फोटो दिवसा, सगळे दिवे लावून, खोलीच्या कोपऱ्यातून आणि छातीच्या उंचीवरून काढा.

किंमत ठरवताना जाहिरातीतले आकडे बघू नका, ते मागितलेले आकडे आहेत, मिळालेले नाहीत. आसपास गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती किमतीला व्यवहार झाले ते शोधा. सगळ्यात जास्त लोक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बघायला येतात, तेव्हाच किंमत फार वर ठेवली तर ते निघून जातात, आणि चार महिन्यांनी खाली आणली की लोक विचारतात, एवढे दिवस का पडून आहे हे घर?

आमच्या जुन्या घराच्या छताला एका पावसाळ्यात गळती झाली होती. विकायला काढलं तेव्हा सगळे म्हणाले, रंग मारा नि गप्प बसा. पण कपाटामागची ती काळी भिंत आम्ही पाहिली होती, त्यामुळे मनाला ते पटेना. आलेल्या प्रत्येकाला आम्ही तो कोपरा आधी दाखवला, वॉटरप्रूफिंगचं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो हातात दिले. दोघं गेले, परत आले नाहीत. तिसऱ्या कुटुंबातल्या आजींनी ते बिल चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, हे दाखवलंत ना, मग बाकीचं पण खरं सांगत असाल. घासाघीस झाली, पण त्या कोपऱ्यावरून नाही.

आधी विकायचं की आधी घ्यायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. माझं मत, आधी विका, मधले काही महिने भाड्याने राहा. सामान दोनदा हलवायचा त्रास होतो खरा, पण डोक्यावर दोन घरांचे हप्ते असले की माणूस घाईत कमी किमतीला हो म्हणून बसतो.

पूर्ण पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, ओळखीतला असला तरी. पंखे, गीझर, पडदे, एसी यातलं काय राहणार आणि काय नेणार याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, भांडणं मोठ्या रकमांवरून कमी आणि गीझरवरून जास्त होतात. ताबा द्यायच्या दिवशी वीज, पाणी, गॅसच्या मीटरचे फोटो दोघांनी आपापल्या फोनवर काढा. घेणाऱ्याने त्याच दिवशी कुलूप बदलावं. आणि विकणाऱ्याने एका कागदावर मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठल्या स्विचने कुठली खोली बंद होते, प्लंबरचा नंबर, गच्चीची चावी कोणाकडे असते, एवढं लिहून तो कागद किचनच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून यावं. आम्ही चिकटवला होता, आणि सहा महिन्यांनी त्या आजींचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, अजून तिथेच आहे, फक्त प्लंबरचा नंबर बदललाय तो खाली पेनने लिहिलाय.