लिनियर मोटर बसवताना: मॅग्नेटला स्विच नसतो

भोसरीत मशिन मेंटेनन्सला आहे. मेन स्विच बंद, कुलूप लावलं, आता बिनधास्त हात घाला, ही सवय लिनियर मोटरपाशी सोडायची. ही मोटर गोल न फिरता सरळ रेषेत सरकते: खाली मॅग्नेटचा ट्रॅक, वर कॉइल. वीज गेली तरी ट्रॅकमधले निओडिमियम मॅग्नेट ओढतच असतात. पाच नंबरची अ‍ॅलन की एकदा चार बोटं अंतरावरून माझ्या हातातून सुटून ट्रॅकला चिकटली. मध्ये अंगठा होता. नख महिनाभर काळं.

म्हणून आधी घड्याळ, मोबाइल, कार्ड बाहेर. पेसमेकरवाला माणूस जवळ येऊ द्यायचा नाही. हत्यारं पितळी किंवा बेरिलियम कॉपरची, आणि हाताशी दोन लाकडी पाचरी. बोट अडकलंच तर त्याच कामाला येतात.

बसवताना सगळ्या मॅग्नेट प्लेटा एकदम लावू नका. मशिनच्या अर्ध्या बेडवर लावा, कॉइल रिकाम्या बाजूला कॅरेजला (सरकणाऱ्या भागाला) बोल्ट करा, मग कॅरेज हळूहळू मॅग्नेटवर ढकला. उरलेल्या प्लेटा त्यानंतर. आयर्न-कोअर (आत लोखंड असलेली) कॉइल वरून सरळ ठेवायला गेलात तर शेवटचे दोन इंच तुमच्या हातात राहत नाहीत. प्लेटांच्या खुणा एकाच दिशेला आहेत ना, ते बघा. कॉइल आणि मॅग्नेटमधली गॅप साधारण 1 मिमीच्या आत-बाहेर. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या आणि पितळी नाहीतर प्लास्टिक शिमने (मापाच्या पातळ पट्टीने) तपासा. स्टीलचा फीलर गेज आत चिकटून बसतो.

उभ्या अ‍ॅक्सिसला ब्रेक हवाच. इथे घर्षण काही धरून ठेवत नाही, सप्लाय गेला की कॅरेज खाली. आणि कॅरेज हाताने ढकलली तरी केबलमध्ये व्होल्टेज तयार होतं, उघड्या टोकांना हात नको.

रोजचा शत्रू म्हणजे लोखंडाचा बुरा. एअर गन मारली की तो गॅपमध्ये आणखी आत जातो. मी मुलीच्या खेळण्यातली क्ले वापरतो: गोळा दाबायचा, उचलायचा, बुरा त्यात येतो. केबल चेन आणि कूलंटचे जॉइंट आठवड्याला बघून घ्या, बस.

सुटी कॉइल कोरड्या जागी, सिलिका जेलसकट पिशवीत. पुन्हा लावण्याआधी ड्राइव्ह (मोटर चालवणारा कंट्रोलर) सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारा. टेंपरेचर सेन्सरच्या वायरी मेगरला कधीही जोडायच्या नाहीत. मॅग्नेट प्लेट मूळ पॅकिंगच्या फळीसकटच ठेवा. आमच्या हेल्परने ती फळी भंगारात दिली होती. सुताराकडून प्लायची नवी येईपर्यंत प्लेट लाकडी रॅकवर एकटी, आजूबाजूला दोन फूट मोकळं आणि वर लाल चिंधी.