सेफ्टी पिनची मोटर अखेर फिरली

विज्ञान प्रदर्शनासाठी मोटर करत होतो: 1.5 व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक, एनॅमल तारेचं (वीज न वाहू देणारा थर असलेल्या तांब्याच्या तारेचं) वेटोळं. पण वेटोळं नुसतं डुगडुगायचं. तारेची टोकं सगळीकडून खरवडलेली असली की प्रवाह सतत वाहतो आणि दर अर्ध्या फेरीला बल उलटं लागतं. म्हणून नवीन तार घेतली, वेटोळं उभं धरलं आणि दोन्ही टोकांचं एनॅमल फक्त वरच्या बाजूने ब्लेडने काढलं; खालचा चकचकीत थर तसाच ठेवला. आता अर्धी फेरी प्रवाहाने, उरलेली वेगाच्या भरात. बोटाने टिचकी दिली आणि काय गरगर फिरली! पुस्तकातल्या मोटरमधली स्प्लिट रिंग (दोन भागांत चिरलेलं धातूचं कडं) दर अर्ध्या फेरीला प्रवाहाची दिशाच बदलते. इथे प्रवाह नुसता तोडला तरी भागतं. सेल मात्र तापतो, सारखा जोडून ठेवू नका.