पिशवीत राजकारण घ्यावे, पण पारखून

कोल्हापुरात दूधसंघापासून साखर कारखान्यापर्यंत आणि तालमीपासून तरुण मंडळापर्यंत सर्वत्र गट असल्यामुळे ‘खरेदीत राजकारण आणू नका’ हा सल्ला येथे कोणी मनावर घेणार नाही, आणि माझ्या मते घेऊही नये. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा दलिताच्या हातचा चहा नको म्हणून लोक तिकडे फिरकत नव्हते. राजर्षी शाहू महाराज मात्र मुद्दाम तेथे थांबून चहा घेत. तो चहा राजकीयच होता. तेव्हा प्रश्न उरतो तो राजकारण पारखून कसे घ्यावे एवढाच.

सर्वप्रथम आपला आक्षेप कृतीवर आहे की आडनावावर, हे स्वतःला विचारावे. मालक मजुरी बुडवतो, भेसळ करतो किंवा पंचगंगेत सांडपाणी सोडतो, ही कृती झाली, आणि ती थांबली की आपण पुन्हा त्याची पायरी चढू शकतो. जात, धर्म वा भाषा पाहून फिरवलेल्या पाठीला असा परतीचा रस्ता नसतो. कांबळ्यांच्या हॉटेलाकडे न फिरकणारेही आपण तत्त्वच पाळतो आहोत असे समजत होते.

यानंतर पैशाचा माग काढावा, आणि येथे घाई करू नये, कारण पुष्कळ बहिष्कार भलत्याच माणसाला लागतात. विरोधी गटाच्या संचालकांवरील रागापोटी एखाद्या संघाचे दूध बंद केले, तर फटका बसतो तो गावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध घालून दहा दिवसांच्या बिलावर घर चालवणाऱ्या बाईला. संचालक बदलायचे तर ते काम ठरावधारकांच्या, म्हणजे गावोगावच्या दूध संस्थांनी ठराव करून पाठवलेल्या प्रतिनिधींच्या, मतांनी होते. सीमाप्रश्न तापला की कर्नाटकचा माल नको अशी हाक उठते, परंतु आपल्या चप्पल लाईनमध्ये टांगलेल्या जोडांपैकी कितीतरी अथणी-निपाणीकडील कारागिरांच्या हातचे असतात, आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकनही महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे. अभिमान दाखवायचाच असेल, तर रेक्झिनचा जोड बाजूला सारून चामड्याच्या वादीने शिवलेला, खिळा न मारलेला जोड मागावा आणि भाव करताना हात थोडा सैल सोडावा.

पैशाचा धागा सरळ असला की बहिष्कार किती नेमका बसतो, हे या जिल्ह्याने २०२५ मध्ये पाहिले. जुलैअखेर नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातेतील वनतारा केंद्रात नेल्यावर, ते केंद्र अंबानी कुटुंबाचे म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डे पोर्ट करून घेतली. महादेवी परत आणा, ही मागणी एकच होती आणि ती शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. काही दिवसांतच वनताराने नांदणी परिसरात हत्तींसाठी केंद्र उभारण्याची तयारी दाखवली. असे पाऊल उचलताना मात्र व्यवहार पाहून ठेवावा. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून मिळणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो, पोस्टपेडची थकबाकी आधी भरावी लागते, आणि एकदा गेल्यावर ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही. म्हणून एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि नव्या कंपनीची रेंज घरात व शेतात येते का, हे शेजाऱ्याच्या फोनवर बघून घ्यावे.

समोर जाऊन विचारणे ही पायरी कधीही वगळू नये. मी ती वगळली होती. निवडणुकीच्या दिवसांत गल्लीतील किराणा दुकानावर मला न पटणाऱ्या उमेदवाराचा फलक दिसला, आणि मी दोन महिने बाहेरून सामान भरले. पुढे कळले की गाळा त्या उमेदवाराच्या नातलगाचा होता आणि फलक लावताना दुकानदाराला कोणी विचारलेही नव्हते.

करमणुकीच्या बाबतीत मी थोडा सैल आहे. एखादा चित्रपट निव्वळ प्रचारासाठी काढला आहे असे वाटले तर तिकीट काढू नये. दारात उभे राहून दुसऱ्याला परत पाठवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. नटाचे एखादे विधान खटकले म्हणून त्याचे नाटक टाळावे का, हे ठरवताना नेपथ्य लावणारे आणि प्रकाशयोजना सांभाळणारेही त्याच तिकिटावर जगतात, हे लक्षात घ्यावे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, तेव्हा तेथे राबणाऱ्या कामगारांना त्यांची मते कोणी विचारली नव्हती.

घरातील इतरांच्या वतीने बहिष्कार पुकारू नये, हेही अनुभवाने सांगतो. एका वाहिनीच्या बातम्यांवर संतापून मी तिचा पॅक बंद करायला निघालो होतो, परंतु आईची साडेसातची मालिका त्याच पॅकमध्ये निघाली. पैसे मी भरतो, रिमोट तिच्या हातात असतो, आणि ती मालिका संपेपर्यंत हा विषय आमच्या घरात काढायचा नाही असे ठरले आहे.