अमेरिकेतल्या आपल्या माणसाला हॉस्पिटलचं बिल आलं तर

मी फोंड्याची. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर वर्षानुवर्षं बसले, म्हणून ओहायोतला माझा भाचा तिकडची बिलं मलाच व्हॉट्सॲपवर पाठवतो. आपल्याला गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ हे सरकारी हॉस्पिटल आहे, सरकारी विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे. अमेरिकेतही इमर्जन्सीत आलेल्याला तपासावंच लागतं, असा १९८६ पासून कायदा आहे. पण बिल मागाहून घरी येतं आणि घर हादरतं. इकडे आईबाप लगेच एफडी मोडायला निघतात. थांबा.

पहिला कागद बहुतेक इन्शुरन्स कंपनीचा असतो, ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’, म्हणजे विमा किती देणार याचा हिशेब. ते बिल नव्हे. त्यावर एक डॉलरही भरायचा नाही.

हॉस्पिटलचं बिल आलं की ‘आयटमाइज्ड बिल’, म्हणजे प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं बिल, लेखी मागा आणि एकेक ओळ वाचा. भाच्याच्या मुलाचं बोट कापलं, दोन टाके पडले, आणि बिलावर कोड ९९२८५! इमर्जन्सीतल्या तपासणीची ही सगळ्यात वरची पायरी. डॉक्टरांच्या नोंदी मागवायला लावल्या, त्यांत तसं काहीच नव्हतं. लेखी तक्रार केल्यावर कोड उतरला.

आता मुख्य गोष्ट. तिथली बरीच हॉस्पिटलं ना-नफा म्हणून नोंदलेली असतात आणि कर वाचवतात. त्या बदल्यात त्यांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो, आणि सुरुवातीचे १२० दिवस ती कोर्टात खेचू शकत नाहीत. ‘फायनान्शियल असिस्टन्स’चा फॉर्म मागायचा, सोबत पगाराच्या स्लिपा आणि टॅक्स रिटर्न जोडायचं. हे आपणहून फारसं कोणी सांगत नाही, याचाच मला संताप येतो.

भाच्याची शेजारीण तिथलीच, छोट्या दुकानात कामाला. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत ती काउंटरवर उभी राहिली. १९९३ च्या कायद्यानं १२ आठवड्यांची रजा मिळते खरी, पण बिनपगारी. आणि ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या खासगी मालकाला तो कायदा लागूच नाही. ओली बाळंतीण हो ती! भीतीपोटी तिनं बिलांची पाकिटं फोडलीसुद्धा नव्हती. भाच्यानं बसून तिचा अर्ज भरून दिला. रक्कम निम्म्यावर आली, बाकीचे बिनव्याजी हप्ते झाले.

म्हणून तिकडच्या मुलांना खोदून विचारा, लाजेनं ती बोलत नाहीत. क्रेडिट कार्डावर बिल फेडू देऊ नका. एकदा ते बँकेचं कर्ज झालं की हॉस्पिटलची सवलत मिळवणं अवघड होऊन बसतं.

नोकरी गेली असेल तर नोकरीतून मिळालेला जुना विमा चालू ठेवायचा की नाही, हे ६० दिवसांत कळवावं लागतं. मालकाचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, वर दोन टक्के. तेव्हा आधी मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यात, बसतो का, ते बघा.

हॉस्पिटलच्या ऑफिसला फोन भाच्याच्या शेजारी बसल्यासारखा मीच लावून देते. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की ओहायोत सकाळचे नऊ, ऑफिसं उघडतात. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि रेफरन्स नंबर वहीत लिहून ठेवा.