दुकानगाळा घरच्यांसाठी परत मागताय? या चुका टाळा

सांगलीच्या कोर्टात मालक आणि भाडेकरू, दोन्ही बाजूंनी मी दावे चालवतो. मालक आले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वकीलसाहेब, जागा आमची, पोरगा घरी बसलाय आणि हा माणूस उठत नाही." जागा तुमची आहे याबद्दल बहुतेक वेळा वादच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६(१)(जी) खाली कोर्ट विचारतं की गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे का. त्यानंतर १६(२) खाली बघतं की ताबा दिला तर भाडेकरूचे जास्त हाल होतात, की नाही दिला तर मालकाचे.

दुसरी जागा लपवणं

या एका चुकीने मी चांगला दावा बुडताना पाहिलाय, तोही माझ्याच पक्षकाराचा. मुलगा डी. फार्मसी झालेला, त्याला मेडिकल टाकून द्यायचं होतं. भाडेकरूचं तीस वर्षांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. गरज शंभर टक्के खरी. घरात आणखी कुठे गाळा आहे का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "नाही".

उलटतपासात समोरच्या वकिलांनी महापालिकेचा घरपट्टीचा उतारा पुढे केला. बायकोच्या नावावर गल्लीत ऐंशी चौरस फुटांचा गाळा निघाला. नोटीस दिली तेव्हा तो रिकामा होता आणि दावा लावायच्या चार महिने आधी डिपॉझिट घेऊन दुसऱ्याला दिला होता. पक्षकार साक्षीच्या पिंजऱ्यात गप्प उभे राहिले.

मला आजही वाईट वाटतं, कारण उत्तर आमच्याकडे होतं. किरकोळ औषध विक्रीच्या परवान्याला किमान दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण एकशे आठ चौरस फूट. त्या गाळ्यात मेडिकल निघूच शकत नव्हतं. पहिल्याच नोटिशीत हे लिहिलं असतं तर तो गाळा आमच्या बाजूचा पुरावा झाला असता. लपवल्यामुळे कोर्टाने त्यांच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवला नाही. दावा गेला, जिल्हा न्यायालयातलं अपील गेलं. पोरगा मिरजेत दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरीला लागला.

तेव्हापासून नोटीस लिहायच्या आधी मी पक्षकाराला कोरा कागद देतो. आई, बायको, मुलं, भाऊ, कुणाच्याही नावावरची प्रत्येक जागा स्वतःच्या अक्षरात लिहायची आणि शेजारी ती का चालत नाही तेही. सोबत घरपट्टीचे उतारे आणि सिटी सर्व्हेचे उतारे. आठ दिवस जातात. "नोटीस तरी आज सोडा" म्हणणाऱ्यांना मी दुसरा वकील बघायला सांगतो.

"कुटुंबासाठी गरज आहे" एवढंच लिहिणं

कुणासाठी, कोणता धंदा, शिक्षण काय, पैसा कुठून, हीच जागा का, हे सगळं लिहा. दावा लांबला आणि दरम्यान मुलाने नोकरी धरली, तरी तेवढ्यावरून गरज संपत नाही. गयाप्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव या प्रकरणात मुलाच्या दवाखान्यासाठी जागा मागितली होती. खटला चालू असताना मुलगा सरकारी नोकरीत गेला. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं की गरज बघायची ती अर्ज केला त्या दिवसाची. पण त्या दिवसाची गरज कागदावर नीट नसेल, तर हा निकाल तुमच्या काय कामाचा?

कुलूप ठोकणं, लाईट तोडणं

अजिबात नाही. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही.

लिव्ह अँड लायसन्स आहे म्हणून निर्धास्त राहणं

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ची, मुदत संपल्यावर ताबा मिळवायची झटपट वाट फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. दुकानाला ती लागू नाही.

भाडेकरूंच्या चुका

नोटीस आली की भाडं बंद करणारे भाडेकरू मला दर महिन्याला भेटतात. राग समजतो, पण अशाने मालकाच्या हातात थकबाकीचं नवं कारण जातं. मालक घेत नसेल तर पाठवत राहा आणि नाकारल्याचा कागद जपा. जपा म्हणजे माळ्यावर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गल्ल्याखालच्या खणात ठेवलेल्या वीस-वीस वर्षांच्या भाडेपावत्यांचा लगदा झाला. त्यातले काही जण नंतर माझ्याकडे रिकाम्या हातांनी आले. आता मी पहिल्याच भेटीत सगळ्या पावत्यांचे फोटो काढून घेतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. दावा चालू असताना भाडेकरू एकही जागा बघत नाही. उलटतपासात प्रश्न येतो, "गणपती पेठेत, वखारभागात कुठे चौकशी केली?" उत्तर येतं, "नाही केली." मग "आम्ही रस्त्यावर येऊ" या वाक्याला वजन उरत नाही. जागा बघा, भाडं विचारा, तारीख आणि आकडा वहीत टिपून ठेवा. परवडत नाही हे त्या वहीतून दिसू दे. गाळा मोठा असेल तर अर्ध्या भागाच्या ताब्यावर दोघांचं भागतं का, तेही कोर्ट बघू शकतं. हा मुद्दा कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच घ्या.

ताबा मिळाल्यावर शटर पाडून ठेवणं

इतकी वर्षं लढून मालक इथे चुकतात याचं मला फार वाईट वाटतं. ताबा घेतल्यापासून एक महिन्यात वापर सुरू झाला नाही, किंवा वर्षाच्या आत जागा तिसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो. म्हणून ताबा घ्यायच्या आधीच सुतार आणि रंगारी ठरवून ठेवा, दुकानाची नोंदणी मुलाच्या नावाने करा आणि पहिल्या महिन्याचं लाईट बिल फाईलला लावा.