सबमरिनर की सीमास्टर? तुलना करताना या चुका टाळा

रोलेक्स सबमरिनर आणि ओमेगा सीमास्टर डायव्हर ३००एम ही घड्याळप्रेमींच्या वादातली नेहमीची जोडी. दोन्ही ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारी), दोन्ही ३०० मीटरपर्यंत पाणीरोधक. माहितीपत्रकं शेजारीशेजारी ठेवली की निकाल सोपा वाटतो. पण एकाच नावाखाली छापलेले आकडे नेहमी एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि गाडी इथेच रुळावरून घसरते.

क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेलं घड्याळ, या शब्दावर भुलणं. सीओएससी ही स्विस संस्था केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या कवचात) न बसवलेलं सुटं यंत्र पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांचा फरक तिला चालतो. हे प्रमाणपत्र दोघांकडेही आहे, म्हणजे तुलनेसाठी बिनकामाचं. खरा फरक पुढच्या चाचणीत आहे. यंत्र केसमध्ये बसवल्यावर रोलेक्स स्वतः पुन्हा तपासणी करते आणि उणे २ ते अधिक २ सेकंदांची हमी देते. ओमेगाचं पूर्ण घड्याळ मेटास या स्विस सरकारी मापनसंस्थेच्या कसोटीतून जातं: ० ते अधिक ५ सेकंद, शिवाय १५,००० गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकीय क्षेत्रातही टिकणं. कागदावर रोलेक्सचा पल्ला लहान, तरी मला पुढे जाणारं घड्याळ बरं वाटतं. क्राउन (चावी द्यायची बाजूची कळ) ओढून ते काही सेकंद थांबवलं की काम झालं. मागे पडलेल्याचे काटे पुढे सरकवून जुळवत बसावं लागतं.

जुनं, वापरलेलं मॉडेल बघत असाल आणि ते अचानक दिवसाला मिनिटभर पुढे पळू लागलं असेल, तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. बरेचदा आतली हेअरस्प्रिंग (घड्याळाची लय राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकित झालेली असते. चुंबकत्व उतरवणं काही मिनिटांचं काम आहे.

फक्त व्यास बघणं. सबमरिनरचे ४१ आणि सीमास्टरचे ४२ मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना कळतही नाही. मनगटावर जाणवते ती वरच्या लगपासून (पट्टा अडकवायच्या टोकापासून) खालच्या लगपर्यंतची लांबी (सबमरिनर सुमारे ४८, सीमास्टर सुमारे ५० मिलिमीटर) आणि जाडी. सीमास्टर साधारण एक मिलिमीटरने जास्त जाड आहे. शर्टाच्या बाहीत अडकायला तेवढंही पुरतं. पट्टे बदलण्याची हौस असेल तर सबमरिनरची पट्टा बसवायची २१ मिलिमीटरची खाच थोडी छळते. २० मिलिमीटरचे पट्टे ढिगाने मिळतात.

पॉवर रिझर्व्हचा, म्हणजे पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ किती तास चालतं याचा, बाऊ करणं. ७० तास विरुद्ध ५५ तास. पूर्ण चावी भरलेली दोन्ही घड्याळं शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवली, तर सीमास्टर सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास थांबेल आणि सबमरिनर संध्याकाळपर्यंत चालेल. रोज घालणाऱ्याला हा फरक शून्य. उलट नवीन घड्याळ रात्रीत बंद पडतं म्हणून घाबरणारे बरेच. दिवसभर बसून काम असेल तर हालचालीने चावी भरणारा रोटर पुरेसा फिरतच नाही. क्राउनला तीसचाळीस फेरे द्या, मगच तक्रार करा.

किमतीची तुलना करताना सर्व्हिसिंग विसरू नका: रोलेक्स साधारण १० वर्षांनी करायला सांगते, ओमेगा ५ ते ८ वर्षांनी.

आणि पट्ट्याच्या जास्तीच्या कड्या न काढता घड्याळ घालून बघू नका. सैल पट्ट्यावर घड्याळ मनगटाच्या बाजूला घसरतं आणि आहे त्यापेक्षा जड वाटतं. आधी दोन्हींचे पट्टे मापाचे करून मागा.